कुर्ला येईपर्यंत

पत्र विक्रोळीहून आलंय. कन्नमवार नगरात राहणाऱ्या आणि फोर्टातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघणाऱ्या ४३ वर्षांच्या बाईंचं. चार पानी आहे, सगळं छापत नाही, गाभा तेवढा देते.

"मावशी, माझं तसं काही वाईट चाललेलं नाही, आणि हेच सांगायला लाज वाटते. नवरा बरा आहे, नोकरी आहे, मुलगी दहावीला आहे. पण माझं डोकं कायम पुढे पळतं. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. बाहेर पडलो आणि डेव्हलपरने भाडं थांबवलं तर? ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं, दोघींना कमी केलं. तिसरी मी असले तर? लेकीला मार्क कमी पडले तर? चांगले पडले तर फी कुठून आणू? सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर? पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मिस्टर म्हणतात, होईल सगळं नीट, झोप. आणि स्वतः घोरायला लागतात. जो तो सांगतो, आजचा विचार कर. पण मी काळजी सोडली तर या घराचं बघणार कोण? गेल्या शनिवारी लेकीने पहिल्यांदा एकटीने थालीपीठ लावलं. मी खाल्लं. तिने विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, छान. रात्री आठवायला गेले तर चवच आठवेना. खाताना मी मनात अकरावीच्या फीचा हिशेब करत होते. त्या रात्री खूप रडले."

अगं, चार पानांत थालिपिठाच्या वाट्याला जेमतेम सहा ओळी आल्यात, पण मला विचारशील तर तुझं सगळं पत्र त्या सहा ओळींतच आहे. त्यावर येतेच. आधी बाकीचं उरकू, कारण ते उरकल्याशिवाय तू मला थालिपिठावर बोलू देणार नाहीस.

चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हे तुला कोणीतरी फॉरवर्ड केलंच असेल. मी करणार नाही. "आजचा विचार कर" हेही सांगणार नाही. वैद्याने पुडी दिली आणि बजावलं, घेताना माकड आठवू नका. मग काय, पुडी उघडली की माकड हजर, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर हेच करून बघितलं. माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेतलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. गंमत पुढे आहे. नंतर "आता खुशाल विचार करा" म्हटल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांना ते अस्वल जास्तच दिसायला लागलं. तेव्हा "पुढचा विचार करू नको" असं तुला जो कोणी सांगतो, तो प्रेमाने सांगतो, पण माकडाची आठवण करून देतो.

तुझा खरा प्रश्न दुसराच आहे आणि तो तू विचारलायसही. मी काळजी सोडली तर या घराचं बघणार कोण?

म्हणजे तुझ्या लेखी काळजी हे एक काम आहे. घरातलं सगळ्यात जबाबदारीचं काम, आणि ते तुझ्याकडे आलंय. नवरा घोरतो कारण रातपाळीला तू आहेस. (या माणसाकडे आपण पुन्हा येणार आहोत, त्याने निवांत राहू नये.) तुला आतून असंही वाटत असणार की आजवर काही वाकडं झालं नाही ते मी जागी होते म्हणून. आपल्याकडे दुकानदार शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतो. आठवडाभरात दुकानाला काही झालं नाही की श्रेय लिंबाला. पुढच्या शनिवारी नवीन लिंबू. तुझं तीनचं जागरण म्हणजे तेच लिंबू आहे. फरक इतकाच, की लिंबू पाच-दहा रुपयांत येतं.

तू अकाउंट्समधली बाई आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. पुढच्या वर्षी एखादं देणं अंगावर येईल असं वाटलं की तुम्ही काय करता? तरतूद करता. रक्कम ठरवता, नोंद टाकता, पान उलटता. परिस्थिती बदलली तर तिमाहीला पुन्हा बघता. तीच नोंद रोज रात्री नव्याने टाकणारा कारकून तुझ्या हाताखाली असता, तर तू त्याला किती दिवस ठेवला असतास? आणि हा तर नोंदही पुरी करत नाही. "भाडं थांबलं तर..." इथपर्यंत लिहितो, पेन खाली ठेवतो आणि पुढच्या पानावर पुन्हा "भाडं थांबलं तर..." तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे खरंच. पण कुदळ खांद्यावर घेऊन रात्रभर उभं राहिलं तर विहीर होत नाही, नुसता खांदा दुखतो.

आता तुझी यादी घे. रिडेव्हलपमेंटची भीती खोटी नाही. मुंबईत भाडं थांबलेल्या, वर्षानुवर्षं पत्रे मारून ठेवलेल्या प्लॉटचं उदाहरण प्रत्येकाच्या नात्यात एखादं तरी असतं. म्हणून इथे जे करायचं ते करायलाच हवं, आणि ते दिवसा, कागदावर. कमिटीकडून विकासकराराची प्रत घ्यायची. बँक गॅरंटी किती रकमेची आहे, कधीपर्यंतची आहे, ते विचारायचं. भाड्याचे किती महिन्यांचे चेक आगाऊ मिळणार ते लेखी घ्यायचं. महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्पाची नोंदणी झाली असेल तर ती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. त्याच डेव्हलपरचे आधीचे प्रकल्प किती रखडले तेही तिथे कळतं. आणि आपल्या स्वतःच्या नव्या घराचा करार नोंदणी कार्यालयात नोंदला गेल्याशिवाय चावी द्यायची नाही, मग कमिटीवाले कितीही "ताई, तुमच्या एकटीमुळे अडलंय" म्हणोत. ही चार-पाच कामं आहेत. यातलं प्रत्येक काम तुझ्या मिस्टरांना जमण्यासारखं आहे. सोसायटीच्या एजीएमला, वार्षिक सभेला, तेच जातात ना? मग कागदही तेच आणतील. रविवारी सकाळी हे वाचून दाखव त्यांना. "होईल सगळं नीट" म्हणणाऱ्या माणसावर ते नीट करण्यातला थोडा तरी भाग टाकायला हवा.

नोकरीचं म्हणशील तर ते सॉफ्टवेअर शिकून घे, दुसरं काय? आणि सहा महिन्यांचा घरखर्च एका वेगळ्या खात्यात हळूहळू साठव. यापलीकडे त्या बाबतीत तुझ्या हातात फारसं काही नाही, आणि रात्री तीनला तर काहीच नाही. सासूबाईंच्या गुडघ्यावर अजून डॉक्टरही काही बोललेले नाहीत. आणि लेकीची फी! अगं, परीक्षा व्हायची आहे, निकाल लागायचा आहे, ती आर्ट्सला जाईल की सायन्सला हे तिचं तिला माहीत नाही, आणि तू फीवरून जीव टांगणीला लावून बसलीस. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

हसलीस ना? पण "या सगळ्यातलं काही होणार नाही" असं मी तुला म्हणणार नाही. कारण मी गिरणगावातली आहे. आमच्याकडे झालं होतं.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील साच्यावर होते, म्हणजे लूमवर. जेमतेम दोन-तीन महिन्यांची गोष्ट, मग भोंगा पुन्हा वाजेल, असं चाळीत सगळे धरून चालले होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला, आणि आमच्यातल्या बहुतेकांची गिरणी परत आली नाही. आई खाणावळ चालवायची, आठ गडी जेवायला. मार्चपर्यंत त्यातले सहा बोटी-एस्ट्या धरून कोकणात निघून गेले. आमटीचं पातेलं लहान झालं, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मोठं पातेलं आईने घासूनपुसून माळ्यावर टाकलं.

वडील गॅलरीत निजायचे. निजायचे म्हणजे पडायचे. ते रात्रभर मनात खोली विकत होते. खोली विकावी लागली तर, गावी जावं लागलं तर, गावच्या घराचं छप्पर गळतंय तर, माझं लग्न कसं होणार. एक ना दोन. मन चिंती ते वैरी न चिंती. दिवसा बोलायचे कमी, आणि समोर बसलेल्या माणसाच्या आरपार बघायचे.

आईचं वेगळं होतं. तिच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. देवाला दिवा लावला की ती वही उघडायची आणि भाकऱ्यांसाठी तवा चढवला की मिटायची. मधल्या अर्ध्या तासात जे काय भ्यायचं ते भिऊन घ्यायचं. वाण्याचं देणं, खोलीचं भाडं, माझी फी. प्रत्येकापुढे उद्या कोणाकडे जायचं त्याचं नाव. कोणाचंच नाव सुचलं नाही तर एक फुली. रात्री दहाला वडिलांनी काही काढलं की ती म्हणायची, "वहीत टाकते, उद्या दिवेलागणीला बघू." वडील चिडायचे, हिला कशाचं काही नाही म्हणून. तिला सगळ्याचं सगळं होतं. तिने त्याला फक्त वेळ लावून दिली होती.

आता मला या वहीबद्दल पुढे कळलेली गंमत सांगते. त्याच सुमारास, १९८३ साली, पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अति काळजी करणाऱ्यांवर एक साधा उपाय करून पाहिला. दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. रोज तीच वेळ, तीच जागा. इतर वेळी काळजी आली की तिला हाकलायचं नाही, "तुझी वेळ अमुक वाजता" म्हणून मागे ठेवायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. त्या अर्ध्या तासात मात्र मनसोक्त काळजी करायची, जमेल तिथे मार्ग काढायचा. ज्यांनी हे केलं त्यांची दिवसभरातली काळजी कमी झाली. आज मानसोपचारात ही पद्धत जगभर वापरतात. आमच्या आईचं शिक्षण चौथी.

तर तुझा अर्धा तास कुठला? घरात तुला तो मिळणार नाही, ते मला माहीत आहे. वन रूम किचनमध्ये बाई अर्धा तास गप्प बसली की सासूबाई विचारणार, बरं वाटत नाही का. म्हणून मी तुझ्यासाठी गाडी निवडली आहे. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी तुझी स्लो लोकल. गाडी तिथूनच भरते, म्हणजे तुला बसायला मिळत असणार. मशीद आलं की वही काढ. साधी, दहा रुपयांवाली. फोनवर लिहू नकोस, फोन तुला लगेच दुसरीकडे नेतो. भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. भी, लिही, हिशेब घाल, उद्या कोणाला विचारायचं ते नाव टाक, नाव सुचत नसेल तर फुली मार. शीव मागे पडलं आणि कुर्ल्याला हार्बरच्या बायका उतरायला उठल्या की वही पर्समध्ये. उरलेलं उद्या. विद्याविहारनंतर काळजी आलीच, आणि येईल, तर तिला सांग की बाई, तुझी गाडी गेली, उद्याची धर.

पहिले दहा दिवस हे सगळं खुळचट वाटेल. नेटाने कर. महिनाभराने एखाद्या रविवारी मागची पानं उलटून प्रत्येक भीतीपुढे काय झालं ते लिही. तुला ऑडिट सांगायला नको. २०२० साली पेन्सिल्व्हेनिया स्टेटच्याच दोन संशोधकांनी हे ऑडिट प्रसिद्ध केलं होतं. काळजीच्या आजाराचे २९ जण, त्यांनी लिहून ठेवलेल्या भीती आणि पुढे काय झालं याचा ताळा. ९१ टक्के भीती खऱ्या झाल्याच नाहीत. आता २९ हा काही मोठा आकडा नाही, आणि तुझ्यासारखी बाई लगेच विचारेल, उरलेल्या ९ टक्क्यांचं काय? बरोबर विचारशील. मी त्याच ९ टक्क्यांत वाढले.

माझ्या वडिलांची गिरणी गेली. पण त्यांनी गॅलरीत रात्ररात्र जी विकली ती खोली विकावी लागली नाही. गावीही जावं लागलं नाही. माझं लग्नही झालं. पुढे त्यांनी दादरच्या एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली, आणि वॉचमनकी त्यांच्या कुठल्याच रात्रीच्या यादीत नव्हती. आणि जे खरोखर वाईट झालं, तेही यादीत नव्हतं.

माझ्या पाठच्या भावाने कॉलेज सोडलं. नुकताच अकरावीला गेला होता. कोणाला काही न सांगता तो एका छापखान्यात जायला लागला. सकाळी वह्या घेऊन निघायचा, संध्याकाळी वह्या घेऊन यायचा. तीन आठवडे. वडील रोज रात्री त्याच्या शेजारी पाटावर बसून जेवायचे, त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही, मी कसल्या तोंडाने बोलू. आईला कळलं. वाढताना तिने त्याच्या भाताकडे गेलेल्या हाताकडे बघितलं, आणि नखांच्या कडेला काळी शाई होती. पेनाची निळी नव्हे, छापखान्याची, चिकट, जी साबणाने जात नाही. ती काही बोलली नाही. त्याला आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या कट्ट्यावर पिळलेल्या लिंबाची फोड ठेवलेली होती, नखं घासायला. आणि दिवेलागणीला वहीच्या जमेच्या बाजूला त्याचं नाव आलं.

वडिलांना त्यानंतर दोन महिन्यांनी समजलं. ते रडले. मुलगा कामाला लागला म्हणून नसावेत. शेजारी बसून दिसलं नाही म्हणून असावेत. मी त्यांना कधी विचारलं नाही.

म्हणून म्हटलं, तुझं पत्र त्या सहा ओळींत आहे. तू ज्या मुलीच्या फीसाठी जागतेस, ती ताट घेऊन समोर उभी होती आणि तू तिथे नव्हतीस. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तू रडलीस म्हणजे तुझं तुला आधीच टोचलंय. आणि यात तू एकटी नाहीस गं. २०१०मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २२५० माणसांना फोनवरून दिवसात अधूनमधून गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती, अगदी कंटाळवाणं काम हातात असलं तरी. म्हणजे भांडी घासताना भांड्यांपाशीच असलेला माणूस भांडी घासताना पुढचं काही योजणाऱ्यापेक्षा बरा. मला तरी हे पटतं, कारण भांडी घासताना मी केलेली एकही योजना आजवर तडीस गेलेली नाही.

"वर्तमानात जगा" म्हटलं की लोक डोळे मिटून बसतात. बसू देत, काहींना फायदा होतो. तुझ्यासारखीला मी डोळे मिटायला सांगणार नाही, कारण मिटले की तुझ्या मिटल्या डोळ्यांमागे डेव्हलपर उभा राहणार. तुला हातांचं काम हवं. मी २६ वर्षं लोकलने नोकरी केली. आमच्या डब्यात बायका भाजी निवडायच्या. गवार मोडायच्या, मटार सोलायच्या, लसूण सोलून डबीत भरायच्या. मी वेळ वाचतो म्हणून करायचे. निवृत्त झाल्यावर ध्यानात आलं की दिवसभरात माझं डोकं शांत असायचं ते त्याच वीस मिनिटांत. गवारीची शीर ओढली की ती अखंड येते की मध्येच तुटते, तेवढंच. कोवळी गवार कट्ट करून मोडते, जून असली तर वाकते. बोटांना ते आधी कळतं. त्या वीस मिनिटांत उद्याला आत यायला जागाच नसते.

तर कुर्ल्यानंतर वही आत आणि भाजी बाहेर. भाजी नसेल तर घाटकोपर येईपर्यंत खिडकीबाहेर बघ. गेली कित्येक वर्षं तू रोज तिथून जातेस. रुळांलगतच्या एका तरी खिडकीत काय वाळत घातलंय ते मला सांगू शकशील?

रात्रीचं तेवढं राहिलं. गाढ झोप बहुतेक पहिल्या तीन-चार तासांत होऊन जाते, नंतरची झोप पातळ असते, म्हणून तीनला जाग येणं यात विशेष काही नाही. जाग आल्यावर तू हजेरी घ्यायला लागतेस, ते विशेष. उशाशी कागदाचा चिटोरा ठेव, अंधारात एक शब्द लिही, "भाडं" किंवा "फी", आणि ते उद्याच्या मशीद ते कुर्ल्यावर ढकल. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून ऊठ. झोपेचे डॉक्टर सांगतात, दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. दुसऱ्या खोलीत सासूबाई आहेत, हे त्या डॉक्टरांना कोणी सांगावं! तू ओट्याखाली पाट घे, मंद दिवा लाव आणि सकाळची पालेभाजी निवडत बस. झोप आली की परत जा. घड्याळ आणि फोन बघू नकोस. आणि पत्रात चारचा, साडेपाचचा आणि घरी आल्यावरचा असे संध्याकाळचे तीन चहा मोजलेयस. दोन कमी कर.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवशी, ही काळजी आवरत नसेल, छातीत धडधडत असेल, कामात चुका होत असतील, तर वहीने भागणार नाही. डॉक्टर गाठायचा. केईएम, नायर, शीव, तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढला की झालं. तिथे जाणाऱ्याला वेड लागलेलं नसतं, रांगेत तुझ्यामाझ्यासारखीच माणसं असतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. शिवाय तुझं वय ४३. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत झोप बिघडते, जीव घाबरा होतो. थायरॉइड वाढलं तरी असंच होतं. रक्त तपासून घे. अर्धी काळजी थायरॉइडची निघाली तर तुझा आणि माझा दोघींचा वेळ वाचेल.

आता थालीपीठ. जे खाल्लं ते गेलं, त्याची चव परत आठवणार नाही, तो नाद सोड. या शनिवारी लेकीला सांग, "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, मला पुन्हा करून दे." असंच सांग. "छान" म्हटलं होतं ते खोटं होतं हे तिला त्याच दिवशी कळलंय, सोळाव्या वर्षी सगळं कळतं. ती लावत असताना मदतीला जाऊ नकोस. जवळ पाटावर बस आणि बघ. कापडावर थापते की थेट तव्यावर? मधलं भोक बोटाने पाडते की चमच्याच्या दांड्याने? झाकण काढल्यावर वास आधी भाजणीचा येतो की कांद्याचा? करपलं तर करपू दे.

आणि मग मला एक पोस्टकार्ड टाक. रिडेव्हलपमेंटचं काय झालं ते नंतर कधीतरी कळव. आधी एवढंच लिही, तिने त्यात कांदा घातला होता की काकडी.